डाव्या पायाची पेरणी

ट्रॉलीची गोष्ट चहाच्या टपरीवर अशी सांगतात.

दोरीतात्या सकाळी बाजाराला निघाले. ट्रॉलीत बटाट्याची चाळीस पोती, पोत्यांवर सहा बायका. तात्यांनी ट्रॅक्टर सुरू केला, गिअर टाकला आणि ऐटीत निघाले. बायका ओरडायला लागल्या, "अहो तात्या! अहो तात्या, थांबा!" तात्यांना वाटलं, निघताना बायका ओरडतातच. मागे न बघता त्यांनी नुसता हात हलवला. चार मैल गेले. बाजाराच्या वजनकाट्यावर ट्रॅक्टर चढवला आणि काटेवाल्याला म्हणाले, "घे मोजून." काटेवाला म्हणाला, "काय मोजू? तुम्हाला?"

मागे ट्रॉली नव्हतीच. ती अंगणात, सहा बायकांसकट.

हे सांगताना चहावाला काटेवाल्याचा आवाज काढतो, मग तात्यांची मान मागे वळते ती करून दाखवतो. त्यात तो इतका तरबेज झाला आहे, की लोक त्यासाठी दुसरा चहा घेतात.

घरी ही गोष्ट एवढीच आहे: संध्याकाळी तात्यांच्या बायकोने धुवायला त्यांचा सदरा घेतला, तर खिसा जड लागला. खिशात ट्रॉली ट्रॅक्टरला जोडायची पिन होती. वीतभर लांब, ग्रीस लागलेली. घालायला म्हणून हातात घेतली होती, आणि घातली खिशात.

"अहो, लक्ष कुठे होतं?" तिने विचारलं.

"होतं एका ठिकाणी," तात्या म्हणाले.

तिने पिन फडक्याने पुसली आणि दाराच्या खिळ्याला टांगली. सदऱ्याचा डाग मात्र निघाला नाही.

*

दोरी हे नाव काही चेष्टेने पडलेलं नव्हतं. तात्यांनी नांगरलेल्या रानात तास पाहावेत, तर या टोकाला डोळा लावला की त्या टोकाचं झाड दिसायचं, दोरी ताणून आखल्यासारखे सरळ. दुसऱ्या गावचे लोक बांधावर थांबून बघायचे. ट्रॅक्टर तात्यांचा नव्हता, धाकट्या भावाचा होता. धाकट्याने बारा वर्षं शहरात मालगाड्यांवर काढली आणि ट्रॅक्टर घेऊन परत आला. गिऱ्हाईक तो धरायचा, चालवायचे तात्या. दोघे भाऊ राहायचे ते एकाच घराचे मधोमध भिंत घालून केलेले दोन भाग. भिंतीपलीकडे कोण शिंकलं तेही अलीकडे कळायचं.

आणि न्हाव्याची गोष्ट. ही पेरणीच्या तोंडावरची.

टपरीशेजारच्या झाडाखाली न्हाव्याची खुर्ची असते. खुर्चीत एक गिऱ्हाईक, तोंडाला फेस. तात्यांनी टपरीसमोर ट्रॅक्टर थांबवला. गिअर तसाच, क्लचवर पाय, चहावाल्याशी दोन शब्द बोलायचे म्हणून. तिसरा शब्द निघायच्या आत ट्रॅक्टरने उडी मारली. न्हावी एका बाजूला, गिऱ्हाईक दुसऱ्या बाजूला, आणि मधली खुर्ची मोठ्या चाकाखाली. आरसा फुटला. गिऱ्हाईक गळ्यातल्या फडक्यासकट शाळेपर्यंत पळालं. म्हणे तीन दिवस अर्ध्या दाढीने हिंडत होतं, न्हाव्याच्या हाताची थरथर थांबेपर्यंत.

न्हावी उठला, कपडे झटकले आणि म्हणाला, "तात्या, ट्रॅक्टरची दाढी करायची होती तर निरोप पाठवायचा. मी घरी आलो असतो."

सगळे हसले. तात्याही हसले. पण हसताना ते खाली, आपल्या पायाकडे बघत होते. तेवढं कुणाच्या लक्षात आलं नाही.

*

त्या संध्याकाळी तात्या चालत घरी आले. त्यांची बायको अंगणात शेंगा सोलत बसली होती. आधी तिला आवाज आला. एक पाऊल चपलेचं, एक नाही. चटक, मग काही नाही. चटक, मग काही नाही.

"डावी चप्पल कुठे?"

तात्यांनी खाली पाहिलं. पायात चप्पल नाही हे त्यांना तिच्याबरोबरच कळलं.

"तुटली असेल," ते म्हणाले.

"कुठे?"

"असेल कुठेतरी."

ती हातातल्या शेंगा टाकून निघाली. रस्त्याने खाली बघत बघत पार गिरणीपर्यंत गेली. चप्पल गिरणीपुढच्या खडीत उताणी पडली होती. तुटलेली नव्हती. तिथून घरापर्यंतचा सगळा रस्ता खडीचा.

परत आल्यावर तिने त्यांना ओट्यावर बसवलं, घमेल्यात पाणी घेतलं आणि पाय धुतला. तळव्यात काटा होता. बोटाच्या पेराएवढा आत गेलेला, सभोवार काळं पडलेलं, आजचा नव्हता. तिने सुई तापवली, कड उकरली आणि नखात धरून काटा ओढून काढला. बरंचसं पाणी आणि थोडं रक्त आलं.

तात्यांनी तिच्या हाताकडे पाहिलं. काट्याकडे पाहिलं. आणि मग म्हणाले, "आई गं."

काटा निघून गेल्यावर.

ती तशीच उकिडवी बसून राहिली. चाळीस वर्षांत या माणसाचं दुखणं तिने अनेकदा काढलं होतं, कुसळं, लाकडाच्या कपच्या, एकदा तर नांगराच्या फाळाचा तुकडा. दुखणं आधी ओरडतं, डोळे मागून बघतात. इथे डोळ्यांनी आधी पाहिलं आणि मग तोंडाला सांगितलं, ओरड.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"काय कधीपासून?"

"पाय."

तात्या घमेल्यातल्या पाण्याकडे बघत म्हणाले, "गेल्या थंडीपासून. आधी मुंग्या यायच्या. मग मुंग्याही गेल्या."

"डॉक्टरीणबाईंनी साखर सांगितली होती ना?"

"साखर सांगितली. पायाचंही सांगितलं."

"पायाचं काय?"

"रोज संध्याकाळी तळवा बघा. आणि गाडी चालवू नका."

"आणि तुम्ही घरी येऊन मला काय सांगितलंत? चहात साखर घालू नकोस!"

"तेही सांगितलंच होतं की त्यांनी."

तिला हसू आलं. तिने हाताशी होतं ते फडकं घेऊन पाय पुसला, जरा जोरातच. तात्या हळू आवाजात, भिंतीपलीकडे जाऊ नये अशा बेताने सांगत होते. "बघितलं की असतो गं पाय. क्लचवर आहे, दिसतो. पुढे बघितलं की गेला. मग खाली बघायचं का पुढे बघायचं? त्या दिवशी पिन हातात होती आणि मी बघत होतो पाय पायरीवर नीट पडतोय का. पिन कुठे गेली मला काय ठाऊक."

*

भिंतीपलीकडे गेलंच नाही असं नाही. पण गेलं ते दुसरंच. न्हाव्याच्या फुटलेल्या आरशाची बातमी.

दुसऱ्या दिवशी धाकटा आला. ओट्यावर बसला नाही, उभाच राहिला. तात्या गोठ्याकडे होते.

"वहिनी, मी स्पष्टच बोलतो. राग मानू नका."

"बोला भाऊजी."

"दादांचं वय झालंय. गाव हसतंय. हसू दे, मी हसण्याला भीत नाही. पण काल खुर्चीत माणूस होता. पेरणी महिनाभर आहे, आणखी एक चूक झाली, एक, तर मी दुसरा माणूस बघणार. मग मला दादांपुढे उभं करू नका. तुम्हीच सांगायचं त्यांना."

"उतरवणार?"

"उतरवायला लागेल."

 तात्या ट्रॅक्टरवरून उतरले की काय होणार हे तिला दिसत होतं. त्यांच्या चुलत्यांचं पाहिलं होतं तिने. बैलगाडीवरून उतरले ते भिंतीला टेकले, आणि भिंतीनेच त्यांना गिळून टाकलं. जेवायला बसा, उठा, औषध घ्या. चार हिवाळे. माणूस होतं, पण कुणाला त्याच्याकडे काही विचारायला जायचं कारण नव्हतं.

"पेरणी यंत्राबरोबर एक माणूस लागतंच ना मागे?" ती म्हणाली. "मी बसते."

"वहिनी, तुम्ही?"

"का? बायका ट्रॉलीत चालतात, यंत्रावर चालत नाहीत?"

धाकटा हसला. ट्रॉलीचा विषय निघाला की सगळेच हसत.

*

ती यंत्रावर बसलीच नाही.

यंत्राला मागे फळी असते. त्यावर उभं राहून बियाच्या डब्याकडे आणि खाली जाणाऱ्या नळ्यांकडे बघत राहायचं. नळीतून बी पडतंय का, माती अडकली का. तिने पहिल्या दिवशी गावाबाहेर पडेपर्यंत फळीवर उभं राहायचं सोंग केलं. रानात आल्यावर पुढे येऊन डाव्या मडगार्डवर बसली. तिथून तात्यांचा पाय दिसायचा.

"आहे," ती म्हणायची.

तात्या पुढे बघत. तास सरळ जाई.

"आहे. आहे. जरा डावीकडे सरकला. हं, आहे."

बांधाजवळ आलं की, "दाबा." मग, "दाबला गेला." मग, "सोडा. हळू. अजून. सुटला."

ट्रॅक्टरच्या घरघरीत तिला ओरडावं लागे. लांबून बघणाऱ्याला वाटे, दोरीतात्यांची बायको दिवसभर नवऱ्याशी भांडतेय. संध्याकाळी तिचा आवाज बसलेला असायचा आणि मान अवघडलेली, पण चार दिवसांत सात रानं झाली आणि एकही तास वाकडा गेला नाही. चौथ्या दिवशी परतताना तात्यांनी चक्क शीळ घातली. ती मडगार्डवरून म्हणाली, "शीळ घालताना पाय हलतो." तात्या म्हणाले, "शीळही विचारून घालायची का आता?" आणि घातलीच.

पाचव्या दिवशी पोस्टमनकाकांचं दोन एकर रान होतं. पोस्टमनकाका नोकरीतून सुटलेले, एकटे, शेताच्या कडेलाच एका खोलीत राहणारे. मक्याचं बी त्यांनी घरचंच ठेवलं होतं. गेल्या पिकातली एकेक कणसं निवडून, छपराला टांगून, स्वतःच्या अंगठ्याने सोललेलं. पोतं देताना म्हणाले, "तात्या, माप चोख आहे. एक दाणा कमी नाही, एक जास्त नाही."

पहिला एकर झाला. दुसऱ्या एकराला वरच्या अंगाला चढ होता. पहिल्याच फेरीत चढाच्या टोकाला वळायचं होतं. ती म्हणाली, "दाबा," तात्यांनी दाबला. आणि पाय तिथेच राहिला. दाबलेलाच. त्यांना वाटलं सुटला.

"सोडा!" ती ओरडली. "अहो, सोडा, दाबलेलाच आहे!"

ट्रॅक्टर उतारावर मागे आला. फार नाही, हातभर. तात्यांनी उजव्या पायाने ब्रेक मारला, तिने मडगार्डची कड दोन्ही हातांनी धरली.  मग तात्यांनी लिफ्टचा दांडा ओढून यंत्र उचललं, वळवलं, पुन्हा जमिनीत सोडलं.

"आहे," ती म्हणाली.  "आहे. चला."

यंत्र जमिनीत असताना ट्रॅक्टर मागे येऊ द्यायचा नसतो. हे तात्यांनी आजवर पन्नासजणांना शिकवलं असेल. नळ्यांची तोंडं जमिनीत रुतलेली असतात. मागे आलं की ती माती गिळतात. पण त्या वेळी तात्याही पायाकडे बघत होते आणि तीही पायाकडे बघत होती. मागे बघायला तिसरं कुणी नव्हतं.

*

काम संपल्यावर तात्या विहिरीवर तोंड धुवायला गेले. तिने डब्याचं झाकण उघडलं.

डबा रिकामा असायला हवा होता. मनगटापर्यंत हात बुडेल एवढं बी होतं.

तिने खाली वाकून पहिल्या नळीत बोट घातलं. मोकळी. दुसरी. माती, घट्ट, मडक्याच्या चिखलासारखी. तिसरी. माती. चौथी. माती. पाचवी मोकळी.

पाचातल्या तीन. अख्खा एक एकर.

काठी शोधायलाही वेळ नव्हता. तिने केसातली पिन काढून भराभर माती कोरली, एक नळी, दुसरी, तिसरी, आणि ढेकळं पायाखाली चुरडून टाकली. उठली तर समोर पोस्टमनकाका.

"उरलं?" त्यांनी डब्यात पाहिलं. त्यांचे डोळे मोठे झाले. "माप तर चोख होतं माझं. बघा, याला म्हणतात हात! दाणा वाया नाही. वहिनी, उरलेलं तुम्ही घेऊन जा. तात्यांचं आहे ते."

तिने फडक्यात बी बांधून घेतलं. गाठ मारताना दोनदा सुटली.

एक शब्द बोलली असती तर त्याच संध्याकाळी पुन्हा पेरता आलं असतं. तिला तो शब्द ठाऊक होता. तो तोंडापर्यंत आलाही होता. पण विहिरीकडून तात्या येत होते, ओल्या तोंडाने, शीळ घालत.

*

मका वर यायला सात-आठ दिवस लागतात.

पहिला दिवस. पहाटे तिने खुरपं घेतलं, कमरेला बियाचं फडकं बांधलं, हातात टोपली. "गवताला जाते." पोस्टमनकाकांच्या रानात पोचली तेव्हा नुसतं फटफटलं होतं. ओळीत बोट घालून बघायचं. दाणा लागला तर पुढची ओळ. नाही लागला तर खुरप्याने भोक, दोन दाणे, टाचेने माती. एक पाऊल. भोक, दोन दाणे, टाच. सूर्य वर आला तेव्हा अर्धी ओळ झाली होती.

दुसरा दिवस. दीड ओळ. परत येताना बांधावरचं मूठभर गवत कापून टोपलीत टाकलं.

"एवढंच गवत?" तात्या म्हणाले. "एवढ्यात बकरीची दाढी पण ओली होणार नाही."

तिसरा दिवस. कंबर धरली.

चौथा दिवस.

पाचवा दिवस. बांधावर पाण्याचा तांब्या होता, वर वाटी झाकलेली. विसरलेला नव्हता, ठेवलेला होता. तिने खोलीकडे पाहिलं. खोलीची खिडकी बंद होती. ती पाणी प्यायली, वाटी पुन्हा झाकली आणि खाली बसली. भोक, दोन दाणे, टाच.

सहावा दिवस. फडकं रिकामं झालं. आणि रिकाम्या ओळी निम्म्याही भरल्या नव्हत्या.

सातवा दिवस. काही करण्यासारखं उरलं नव्हतं, तरी जाग त्याच वेळी आली. ती अंथरुणातच पडून छपराकडे बघत राहिली. दिवसभर दुसऱ्या रानांत "आहे, आहे" चालूच होतं.

*

शेत खोटं बोलत नाही असं काही नाही. पण आठ दिवसांनंतर खरं बोलतंच.

बातमी टपरीवर आधी पोचली. ती आणि तात्या रानात गेले तेव्हा बांधावर दहा-बाराजण होते. न्हावी होता, चहावाला होता, धाकटा होता. खालचा एकर हिरवा, आखीव. वरच्या एकरात एक हिरवी ओळ, मग तीन ओळींची काळी माती, मग दोन हिरव्या ओळी. पुन्हा तीन काळ्या.

"दोरीने शेताचे दात पाडले की," कोणीतरी म्हणालं.

"पाडले नाहीत, पेरलेच नाहीत," चहावाला म्हणाला. तो आतापासूनच शब्द जुळवत होता.

पोस्टमनकाका कडेला उभे होते. ते कोणाकडेच बघत नव्हते.

धाकट्याचं तोंड लाल झालं होतं. "दादा, हे काय?"

तात्यांनी तोंड उघडलं.

"मागे मी होते," ती म्हणाली. "नळ्या बघायचं काम माझं. मला डुलकी लागली."

कोणीतरी फिस्सकन हसलं. "ट्रॅक्टरच्या आवाजात डुलकी? वहिनी, आम्हाला गादीवर लागत नाही!"

"लागली," ती म्हणाली. "दमले होते."

"रोज पहाटे गवताला जायचं कशाला मग," न्हावी म्हणाला, आणि हसणं बांधावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं. तिने मान खाली घातली. पायाच्या अंगठ्याच्या नखात अजून त्याच रानाची माती होती.

तात्यांचं तोंड उघडंच होतं. मग ते मिटलं.

तिला त्यांच्याकडे बघायचं नव्हतं, तरी दिसलं.

धाकट्याने मात्र मोठा श्वास सोडला. "म्हणजे दादांची चूक नाही. मी उगीच. वहिनी, राग नका मानू, पण उद्यापासून तुम्ही घरी राहा. मागे गिरणीवाल्याचा जावई देतो मी. चांगला तरणा गडी आहे. डोळ्यात तेल घालून बघेल नळ्यांकडे."

आणि तेव्हा तिला कळलं की आपण काय करून बसलो. तिने नवऱ्याला ट्रॅक्टरवर ठेवलं होतं, आणि त्याच शब्दाने स्वतःला उतरवलं होतं. उद्या मडगार्डवर कोणी नसणार. उद्या "आहे" म्हणायला कोणी नसणार. मागच्या फळीवर एक तरणा गडी नळ्यांकडे बघत उभा असेल, आणि उतारावर त्याचे पाय मोठ्या चाकांच्या मागे असतील.

*

लोक गेले. पोस्टमनकाका दार लावून घेऊन आत गेले. तात्या मात्र रानात उतरले.

ती बांधावरून बघत होती. तात्या पायाकडे बघत चालायचे, चार पावलं, मग थांबून ओळीकडे. सरळ ओळ. मग रिकाम्या ओळींच्या जागी आल्यावर ते थबकले, गुडघ्यावर हात ठेवून वाकले. काळ्या मातीत काही कोंब होते. लांबून दिसत नव्हते. नुकते टोक काढलेले, हिरवे पण नाहीत, पिवळसर. एक इकडे, एक तिकडे. कुठे दोन जवळजवळ. रांग होती, पण दारू प्यायल्यासारखी.

"ही ओळ कुणाची?" त्यांनी विचारलं.

ती बांधावरचं गवत खुडत राहिली.

"माझी नाही. एवढी वाकडी मी मेल्यावरही काढायचो नाही."

ती खाली उतरून त्यांच्याजवळ गेली. तात्या ओळीच्या कडेने चालत होते. पुढे कोंब आणखी बारीक झाले. त्याच्याही पुढे नुसती टाचेची दाबलेली माती, अजून न फुटलेली, टाचेच्या आकाराची. एकापुढे एक. एकापुढे एक. तात्या तिथे थांबले. त्यांनी तिच्या पायांकडे पाहिलं. मग पुन्हा मातीकडे.

"किती दिवस?"

"सहा."

"आणि मी गवताला नावं ठेवत होतो."

वारा नव्हता. कोवळी पानं तरी हलत होती, कशाने कोण जाणे.

"तू बोललीस तेव्हा मी बोलायला हवं होतं," तात्या म्हणाले. "तोंड उघडलं होतं मी. मग म्हटलं, बरं झालं." त्यांनी वाकून एक ढेकूळ फोडलं. "बरं झालं, असंच आलं मनात. शब्दच्या शब्द."

 तिने त्यांच्या सदऱ्याला लागलेला मातीचा डाग झटकला. तो ग्रीसचा होता, जुना. गेला नाही.

*

किल्लीची गोष्ट टपरीवर सांगत नाहीत. त्यामुळे ती इथे आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटा टपरीवर गिरणीवाल्याच्या जावयाला काम समजावत होता. तात्या आले. तीही मागे चार पावलांवर होती. तात्यांनी कमरेला खोचलेली ट्रॅक्टरची किल्ली काढून बाकावर ठेवली.

"तिला डुलकी लागली नव्हती," ते म्हणाले. "ती माझ्या पायाकडे बघत होती. माझा डावा पाय मेलाय. क्लच कळत नाही मला. ट्रॉली, खुर्ची, मका, सगळं पायाचं."

चहावाला आधी हसला. त्याला वाटलं, पुढे काही गंमत आहे. मग त्याने हातातलं भांडं खाली ठेवलं. न्हावी खुर्चीमागून पुढे आला. खुर्चीचा वाकलेला पाय त्याने तारेने बांधला होता.

"दादा, मला सांगायचं होतं," धाकटा म्हणाला.

"तुला काय सांगू? क्लच तू कशावर शिकलास, आठवतंय?"

धाकट्याने बाकावरच्या किल्लीकडे पाहिलं.

"दुसऱ्याचा ट्रॅक्टर होता. तुझा पाय पोचत नव्हता. मी तुला मांडीवर घ्यायचो आणि तुझा पाय माझ्या पायावर ठेवायचो. म्हणायचो, कळतंय का? तू म्हणायचास, कळतंय." तात्यांनी डावा पाय जरासा पुढे केला, कोणाची ओळख करून द्यावी तसा. "तोच हा."

धाकट्याने किल्ली उचलली नाही. बराच वेळ ती बाकावर, चहाच्या ओल्या वर्तुळात पडून होती. शेवटी तात्यांनीच ती उचलली, सदऱ्याला पुसली आणि त्याच्या हातात दिली. "जा. ऊन चढतंय. आणि यंत्र जमिनीत असताना मागे येऊ नकोस."

*

पोस्टमनकाकांनी छपराला टांगून राखलेली शेवटची कणसं उतरवली. काही विचारलं नाही, काही ऐकवलं नाही. बांधावर पाण्याचे तांबे आता दोन असत.

उरलेल्या ओळी दोघांनी हातांनी पेरल्या. ती पुढे खुरप्याने भोक पाडायची, मागून तात्या दोन दाणे सोडायचे आणि उजव्या टाचेने दाबायचे. ओळ वाकडी जायला लागली की तात्या म्हणत, "डावीकडे घे. अजून. हं." ती म्हणे, "आता तुम्ही ओरडा माझ्यावर." दूरवर धाकटा ट्रॅक्टर चालवत होता. कोणाच्या तरी रानात नवे तास पडत होते, नागमोडी. तात्या तिकडे बघत नसत, पण वळणावर इंजिनाचा आवाज बदलला की त्यांचा डावा पाय आपोआप खाली दाबला जाई. जमिनीत, रिकाम्या मातीवर. ती ते बघायची आणि पुढचं भोक पाडायची.

संध्याकाळी ओट्यावर घमेलं आलं. दाराच्या खिळ्याला ट्रॉलीची पिन अजून होती. धाकट्याने दुसरी आणली होती. तिने तात्यांचा डावा पाय मांडीवर घेतला, धुतला, उजेडाकडे वळवला. टाचेजवळ काटा होता. आजचाच, ताजा. तिने सुई तापवली.

या वेळी तात्यांनी तिच्या हाताकडे पाहिलं नाही. डोळे मिटून भिंतीला डोकं टेकून बसले. भिंतीपलीकडे धाकट्याकडे कोणीतरी भांडी लावत होतं.

थोड्या वेळाने ते तसेच, डोळे मिटून म्हणाले, "काढ ना गं. किती वेळ बघत बसलीस?"

काटा केव्हाच तिच्या तळहातावर होता.

"काढते," ती म्हणाली.